ऑनलाइन घेतलेली तीन ‘हेरलूम’ टोमॅटोची पाकिटं: यात नक्की खोटं कोणतं?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ऑगस्टच्या शेवटी ऑनलाइन तीन पाकिटं मागवलीत, चेरोकी पर्पल, ब्रँडीवाइन आणि एक ‘ब्लू टोमॅटो’, तिन्हीवर हेरलूम (म्हणजे पिढ्यानपिढ्या बी धरून जपलेलं जुनं वाण) छापलेलं. सप्टेंबरात ट्रेमध्ये पेरलं, गच्चीवर ग्रो बॅगमध्ये लावलं, आता फळं पिकतायत तर चेरोकीची सहाच्या सहा झाडं बाजारात मिळतात तसले लाल अंडाकृती टोमॅटो देतायत, ब्रँडीवाइनच्या पाचातल्या चार झाडांना गुलाबी मोठी फळं आहेत पण पाचव्याला भलतीच लाल गोल, आणि ब्लू बाहेरून जांभळट पण कापला की आत साधा लाल. तुम्ही म्हणताय तिन्ही विक्रेत्यांनी फसवलं. मला विचाराल तर तिघांपैकी एकानेच फसवलंय, दुसऱ्याकडे थोडा हलगर्जीपणा झालाय, आणि तिसऱ्याचं बी बरोबर आहे, फक्त हेरलूम हा शब्द त्याने उगाच चिकटवलाय.

हे मी तुमची झाडं न बघता कसं सांगतो, तर पाकिटात काय घडलंय ते किती झाडं बिघडली आणि कशी बिघडली यावरून बऱ्यापैकी कळतं. सगळी झाडं एकसारखी पण चुकीची आली तर ते वाणच दुसरं आहे, कुणीतरी दुसरंच बी भरलंय. बाकीची बरोबर आणि एखादंच वेगळं असेल तर मधमाशीचा नाहीतर बी काढताना चाळणीला चिकटून राहिलेल्या एखाद्या बीचा प्रताप. आणि प्रत्येक झाड वेगळं, एक बुटकं एक उंच, एकाला गोल एकाला लांबट, असं असेल तर कुणीतरी संकरित टोमॅटो आणून कापून त्याचं बी वाळवून विकलंय, कारण हायब्रिडचं बी धरून लावलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात, झाडं सारखी येत नाहीत. टोमॅटोचं बी नुसतं बघून मात्र कुणालाच, अगदी आयुष्यभर बियाण्यात काम केलेल्या माणसालाही, वाण ओळखता येत नाही, सगळं एकसारखंच चपटं लवदार पिवळट. विकणाऱ्याला नेमकं हेच सोयीचं असतं.

आता एकेक पाकीट घेऊ.

चेरोकी पर्पल. हा वाण आला कुठून हे आधी सांगतो, कारण त्यावरून अपेक्षा काय ठेवायची ते कळतं. १९९० साली अमेरिकेत टेनेसीमधल्या एका गृहस्थांनी क्रेग लेहुलिये या बी जपणाऱ्या माणसाला टपालाने थोडं बी पाठवलं, सोबत एवढंच लिहिलेलं की हा जांभळा टोमॅटो शंभरेक वर्षांपूर्वी चेरोकी आदिवासींकडून त्या भागातल्या लोकांना मिळाला. लेहुलियेने लावून बघितला, नाव ठेवलं, आणि दोनतीन वर्षांत तो कॅटलॉगमध्ये आला. म्हणजे जगात जिथे जिथे खरा चेरोकी पर्पल आहे तो त्या एका पाकिटाचाच वंश आहे. फळ चपटं, मोठं, मळकट गुलाबी-जांभळं, देठाकडे हिरवे खांदे, आत खूप कप्पे आणि पिकल्यावरही बियांभोवतीचा गर हिरवट राहतो. झाड वेलीसारखं वाढतच राहतं, थांबत नाही.

तुमच्या सहाही झाडांवर लाल, अंडाकृती, जाड सालीची फळं, आणि तुम्ही म्हणताय झाडं कंबरेएवढी होऊन थांबली. म्हणजे यात चेरोकीचा थेंबही नाही. हे क्रॉस झालेलंही नाही, कारण क्रॉस असतं तर सहाच्या सहा झाडांत एकाच वेळी झालं नसतं. आणि समजा झालं असतं तरी वाढीची सवय वेगळी दिसली असती, कारण वेलीसारखं वाढणं हा गुण वरचढ आहे, चेरोकीशी संकर झालेलं पहिल्या पिढीचं झाड बुटकं राहत नाही, उंचच होतं. फळं एकसारखी आहेत म्हणताय तर बहुधा कुठलं तरी सरळ वाण (संकरित नसलेलं, ज्याचं बी धरलं तरी तसंच झाड येतं) नाहीतर बाजारातल्या हायब्रिडचं बी मोठ्या पाकिटातून काढून वीस वीस दाण्यांच्या पुड्या केल्यात. बी गुलाबी किंवा लालसर रंगाचं होतं का ते आठवून बघा. कंपन्या बुरशी लागू नये म्हणून बियाला थायरमसारखं औषध चोळतात, त्याचा रंग असतो. घरी जपलेल्या हेरलूमच्या बियाला असा रंग कुणी लावत बसत नाही, त्यामुळे पुडीतून रंगीत बी निघालं की तिथेच समजायचं की हे मोठ्या पाकिटातून आलंय. (असं रंगीत बी हाताळलं तर हात धुवा, आणि उरलेलं चिमण्यांना टाकू नका.)

ब्रँडीवाइनचं मात्र वेगळं आहे, इथे मी विक्रेत्याची बाजू घेणार. गुलाबी ब्रँडीवाइनची पानं बटाट्यासारखी असतात, कडा सलग, दाते नाहीत. हा बटाटापानाचा गुण दबलेला आहे, म्हणजे आई आणि बाप दोन्हीकडून आला तरच दिसतो. आता तुमचं ते पाचवं झाड बघा, त्याची पानं नेहमीच्या टोमॅटोसारखी दातेरी असणार, पैज लावतो. गेल्या हंगामात त्या विक्रेत्याच्या बागेत एका फुलावर शेजारच्या लाल टोमॅटोचा पराग पडला, त्या फळातलं एखादं बी तुमच्या पुडीत आलं, झालं. टोमॅटो तसा स्वतःच्याच परागाने फळतो, बाहेरचा संकर बहुतेक वेळा पाच टक्क्यांच्या आतच असतो, पण या जुन्या मोठ्या फळांच्या वाणांत पुष्कळदा फुलाची स्त्रीकेसराची नळी परागकोशाच्या बाहेर डोकावते, शिवाय आपल्याकडे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फुलाला लटकून भुणभुण करत पराग पाडतात, त्यामुळे आपल्या हवेत हे प्रमाण वाढू शकतं. पाचात एक जरा जास्तच आहे, त्याने फुलांवर जाळीच्या पिशव्या बांधल्या नसणार. पण हे बोगस बियाणं नव्हे. त्याला पानाचा आणि फळाचा फोटो पाठवा. खरा बी जपणारा असेल तर तो लगेच विचारेल पाकिटावर लॉट, म्हणजे बियांची खेप, कुठला, कारण त्याला स्वतःचंच बी तपासायचं असतं. जो ‘मॅडम मिट्टी का फरक है’ म्हणेल त्याचा नंबर डिलीट करा.

इथे एक गोंधळ होतो तो सांगून टाकतो, रेड ब्रँडीवाइन नावाचा वेगळा वाण आहे, लाल फळाचा, आणि त्याची पानं नेहमीसारखी दातेरीच असतात. विक्रेते फोटो एकाचा आणि नाव दुसऱ्याचं टाकतात. तुमची चार झाडं गुलाबी आणि बटाटापानाची असतील तर तुमच्याकडे गुलाबीच आहे.

फळ गुलाबी की लाल यावर घरात वाद होत असेल तर साधी परीक्षा आहे, पिकलेल्या फळाची साल सोलून उजेडात धरा. लाल टोमॅटोची साल पिवळी दिसते, गुलाबी टोमॅटोची साल पारदर्शक, बिनरंगाची. आतला गर दोघांचा लालच, फरक फक्त सालीचा. चेरोकी पर्पललाही पारदर्शक साल असते आणि गर पिकताना हरितद्रव्य पूर्ण जात नाही, म्हणून लाल आणि हिरवं मिळून तो मळका जांभळा रंग दिसतो. हे दोन्ही गुण दबलेले आहेत. म्हणून चेरोकीचा लाल वाणाशी संकर झाला तर पहिल्या पिढीत फळ साधं लाल येतं आणि लोक म्हणतात बी खोटं, आणि त्याच लाल फळाचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर साधारण सोळात एक झाड पुन्हा जांभळं निघतं. जागा असेल तर करून बघण्यासारखा प्रयोग आहे.

आता तिसरं पाकीट, ज्यावर तुम्ही सगळ्यात जास्त चिडला आहात, आणि नेमकं तेच बरोबर आहे. निळा टोमॅटो म्हणून जे मिळतं तो बहुतेक वेळा इंडिगो रोज नाहीतर त्याच्या जातकुळीतला असतो. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीने चिलीतल्या आणि गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोंशी संकर करत करत तो बनवला आणि २०१२ च्या सुमारास बाजारात आला. जांभळा रंग फक्त सालीत आणि तोही जिथे ऊन लागतं तिथेच, देठाच्या पाकळ्यांखाली बघा, तिथे रंग नसतो. आत लालच असतो, तसाच असायला पाहिजे. बरेच जण तो कच्चाच तोडतात कारण वरून काळा झाला की पिकला असं वाटतं, तर तळाचा हिरवा भाग लाल होईपर्यंत थांबा, नाहीतर चवीला काहीच नाही. यात चूक एवढीच की २०१२ सालच्या वाणाला हेरलूम म्हणणं म्हणजे कालच्या सुनेला घरातली सगळ्यात जुनी माणूस म्हणण्यासारखं आहे. हेरलूमला कायद्यात व्याख्या नाही, कुणी पन्नास वर्षं म्हणतं, कुणी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं म्हणतं, म्हणून हा शब्द कशालाही चिकटवतात. ग्रीन झेब्रा नावाचा टोमॅटो घ्या, सगळीकडे हेरलूम म्हणून विकतात, तो टॉम वॅग्नर नावाच्या माणसाने १९८३ मध्ये बाजारात आणलेला वाण आहे. वाण उत्तम, पण वारसा वगैरे काही नाही.

आणि आतूनही जांभळा असा टोमॅटो खरोखर आहे बरं का, पण तो जनुकीय बदल केलेला, म्हणजे जीएम. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅथी मार्टिन यांच्या गटाने स्नॅपड्रॅगन फुलाची जनुकं घालून बनवला. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून तिथल्या घरगुती बागवाल्यांना बी विकायला लागले. त्याच वर्षी तिथल्या एका मोठ्या हेरलूम बियाणं कंपनीने कॅटलॉगच्या कव्हरवर आतूनबाहेरून जांभळा पर्पल गॅलक्सी नावाचा टोमॅटो छापला, जीएम नाही असं सांगून, मग प्रश्न उठले आणि त्यांना तो विक्रीतून काढून घ्यावा लागला. म्हणजे नावाजलेल्या, चांगल्या हेतूच्या लोकांचंही असं होतं. आपल्याकडे जीएम टोमॅटो विकायला परवानगीच नाही, तेव्हा इथल्या कुठल्या लिस्टिंगवर आतून जांभळ्या टोमॅटोचा फोटो दिसला तर तो फोटो उचललेला आहे हे डोळे झाकून समजा. निळाशार, फिरोजी, इंद्रधनुषी, स्ट्रॉबेरीच्या आकाराचा काळा, दहा रंगांचं कॉम्बो ९९ रुपयांत, हे सगळं फोटोशॉप.

फसवणूक नसतानाही नाव चुकतं याचं मोठं उदाहरण २०२३ चं आहे, टोमॅटोचं नाही मिरचीचं. अमेरिकेत हजारो घरांत हालापेन्यो (एक हिरवी तिखट मिरची) म्हणून लावलेल्या मिरच्यांना पिवळ्या गोड मिरच्या लागल्या. वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या ब्रँडची पाकिटं घेतलेल्या लोकांना एकच अनुभव, कारण वरती घाऊक पुरवठ्यातच घोळ झाला होता. पाकिटावरचा ब्रँड आणि बी पिकवणारा हे बऱ्याचदा एक नसतात हे आपल्याकडेही तितकंच खरं आहे, चार वेगळ्या नावांची दुकानं एकाच पोत्यातून भरतात.

तुम्ही विचारलंय की रिव्ह्यू चांगले होते, चार पूर्णांक तीन स्टार होते, मग असं कसं. ताई, रिव्ह्यू लिहिला जातो पार्सल आल्यावर नाहीतर फार तर उगवण झाल्यावर. ‘पॅकिंग छान, ८ दिवसांत उगवलं, पाच स्टार.’ उगवण तर भाजी मंडईतल्या टोमॅटोचं बी पण देतं, छान देतं. वाण कळायला पेरल्यापासून कमीत कमी साडेतीन-चार महिने लागतात आणि परत करायची मुदत असते आठदहा दिवस. तोपर्यंत ते लिस्टिंगही गायब, दुकानाचं नावही बदललेलं. हा धंदा चालतो तो या मधल्या काळावरच. म्हणून रिव्ह्यू वाचताना फक्त तेच वाचा ज्यात ग्राहकाने स्वतः काढलेला कापलेल्या फळाचा फोटो आहे, बाकीचे स्टार मोजू नका.

फळापर्यंत थांबायची गरज मात्र दर वेळी नसते. रोपाला चौथं पाचवं खरं पान आलं की बटाटापान आहे की दातेरी ते दिसतं (पहिल्या दोन पानांवर जाऊ नका, ती सगळ्यांचीच जरा सलग दिसतात). पानावरूनच गुलाबी ब्रँडीवाइन म्हणून आलेली दातेरी रोपं ट्रेमधूनच बाजूला काढता येतात, ग्रो बॅग आणि खत वाया जात नाही. पुढे फुलं आली की दोन घोसांमधली पानं मोजा, वेलीसारख्या वाणात साधारण तीन तीन पानांवर घोस येतो आणि शेंडा पुढे चालू राहतो, झुडुपी वाणात एकदोन पानांवरच येतो आणि शेवटी शेंड्यालाच घोस येऊन वाढ थांबते. तुम्हाला माहीत असलेले मोठ्या फळांचे प्रसिद्ध हेरलूम जवळजवळ सगळे वेलीसारखे. तुमची चेरोकी फुलावर असतानाच सापडली असती. आणि हिरव्या फळाकडे बघा, चेरोकीला देठाजवळ गडद हिरवा पट्टा असतो, आधुनिक वाणांत बऱ्याचदा फळ सगळीकडून सारखं फिकट हिरवं असतं कारण एकसारखं पिकावं म्हणून ते तसे निवडलेत. आपल्याकडच्या काही वाणांनाही हिरवे खांदे असतात, त्यामुळे खांदे आहेत म्हणजे चेरोकीच असं नाही, पण खांदे नाहीत तर चेरोकी नक्की नाही.

एक सावधगिरी. रंगावरून भांडायला जायच्या आधी तापमान बघा. तीस-बत्तीस अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट बनत नाही, एप्रिल-मेमध्ये पिकलेली फळं नारिंगी पिवळट राहतात, मग लोक म्हणतात वाण खोटा. तसंच पहिल्या घोसाची फळं वेडीवाकडी येतात, चिरतात, त्यावरून काही ठरवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या घोसापर्यंत थांबा. तुमची फळं थंडीत पिकलीत तेव्हा तुम्हाला ही सबब लागू नाही.

तक्रारीचं. पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो, ऑर्डरचं बिल, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, झाडाचा, पानाचा आणि कापलेल्या फळाचा फोटो, एवढं ठेवा. आपल्याकडे बियाणं विकायला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो, ऑनलाइन विकलं म्हणून सुटका नाही, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता वेबसाइटने दाखवायला हवा. आधी वेबसाइटकडे लिहा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडेही जाता येतं, पण खरं सांगायचं तर ते सोयाबीन-कपाशीच्या बोगस बियाण्यामागे इतके धावत असतात की वीस दाण्यांच्या पुडीसाठी फार आशा ठेवू नका. पैसे परत मिळतील न मिळतील, लिस्टिंग उतरलं तरी पुढच्याचं भलं. मात्र पाकिटावर लॉट नंबर नाही, उगवणशक्ती नाही, तपासणीची तारीख नाही, पत्ता नाही, असं असेल तर ते घेतानाच सोडायचं. टोमॅटोला आपल्याकडच्या मानकांप्रमाणे उगवण किमान ७० टक्के लागते, धड विकणारा तो आकडा छापतोच.

आणि वैतागून थेट परदेशातून पुडी मागवू नका. बियाणं आयात करायला परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, हे नियम उगाच नाहीत. टोमॅटोचा रुगोज व्हायरस, जो गेल्या दहाएक वर्षांत जॉर्डन-इस्रायलकडून निघून बऱ्याच देशांत पोचला, तो बियावरून प्रवास करतो. तुमच्या गच्चीवरून नारायणगावच्या टोमॅटोपट्ट्यात एखादा नवीन रोग जायला नको.

मग घ्यायचं कुठून? जो स्वतः पिकवतो त्याच्याकडून, आणि घ्यायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा: हे बी कोणत्या हंगामातलं, किती झाडांवरून धरलं, आणि या वाणाच्या पानाचा फोटो पाठव. पानाचा फोटो मागितला की नुसतं पाकीट भरणारे गप्प बसतात, कारण इंटरनेटवर फळांचे फोटो ढीगभर मिळतात पण अमुक वाणाचं पान शोधायला वाण माहीत असावा लागतो. ज्याची वाणांची यादी शंभरावर आहे आणि गच्ची दोनशे स्क्वेअर फूट, त्याच्यापासून लांब राहा. आणि हेरलूमचा हट्ट नसेल, फक्त बी धरता यावं एवढंच हवं असेल तर पुसा रुबी, अर्का विकास, राहुरीचे भाग्यश्री, धनश्री हे सरळ वाण आहेत, दरवर्षी स्वतःचं बी ठेवता येतं, बेंगळुरूच्या आयआयएचआर या सरकारी फळ-भाजी संशोधन संस्थेचं बी ऑनलाइनही मिळतं आणि नावाप्रमाणे निघतं. चवीत चेरोकीशी बरोबरी नाही हे मान्य, पण आपल्या हवेत ती टिकतात, अमेरिकेतल्या जुन्या वाणांत आपल्याकडच्या लीफ कर्लला (पानं मुरडणारा, पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू रोग) प्रतिकार जवळजवळ नाही, पांढरी माशी आली की संपलं.

तुमच्या त्या चार खऱ्या ब्रँडीवाइनचं बी नक्की धरा, असं वाण हाताला लागणं सोपं नाही. पाचवं झाड आधी तिथून हलवा. नवीन घोसाच्या कळ्या उमलायच्या आधी ऑर्गेंझाची छोटी पिशवी बांधा, आतल्या आत पराग पडावा म्हणून दिवसातून एकदा टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लोकरीचा धागा बांधून ठेवा म्हणजे चुकून कोशिंबिरीत जाणार नाही. फळ पूर्ण पिकलं की गर वाटीत काढून दीड-दोन दिवस आंबवा, आपल्या उन्हाळ्यात एक दिवसही पुरतो, जास्त ठेवलं तर बी तिथेच मोड काढतं. मग धुऊन स्टीलच्या ताटलीवर सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटतं. पुडीवर वाणाचं नाव, साल आणि ‘बटाटापान’ एवढं लिहा. पिशवी न बांधता आधीच पिकलेल्या फळांचंही बी ठेवायला हरकत नाही, पण त्यांची पुडी वेगळी आणि तिच्यावर ‘पिशवीशिवाय’ असं स्पष्ट लिहिलेलं, आणि ते बी कुणाला दिलंत तर हे सांगून द्या.